एका ल्यूटवादकाच्या चार समाध्या

फ्रेंच भाषेत ‘तोंबो’ म्हणजे थडगे. परंतु सतराव्या शतकात पॅरिसच्या वादकांनी हा शब्द दगडावरून उचलून स्वरांना लावला आणि दिवंगत व्यक्तीच्या, विशेषतः कलावंताच्या, स्मरणार्थ बांधलेल्या संथ वाद्यरचनेला तोंबो म्हणण्याचा प्रघात पडला. ज्येष्ठ संगीतकाराच्या मृत्यूवर धाकट्यांनी रचना करण्याची रीत त्याहून जुनी आहे: 1497 मध्ये योहानेस ओकेगेम निवर्तल्यावर जोस्कँ दे प्रे याने पाच आवाजांसाठी शोकगीत बांधले, ज्यात चार आवाज फ्रेंच शब्द गातात, तर पाचवा मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेची पारंपरिक चाल धरून राहतो. स्वतः ओकेगेमनेही 1460 मध्ये बँश्वा या संगीतकारासाठी असेच गीत रचले होते.

तोंबोचा उगम मात्र गळ्यातून नव्हे, ल्यूटमधून झाला. ल्यूट हे तारा छेडून वाजवायचे, फुगीर पाठीचे वाद्य असून त्याचा नाद चटकन विरतो, म्हणून त्याचे वादक स्वरसंघातातील, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहातील, स्वर एकदम न छेडता एकामागून एक विखरून वाजवीत. पट्टी दाबताच आतील तार छेडली जाणाऱ्या हार्पसिकॉर्डचा नादही टिकत नसल्याने तिच्या वादकांनी ही रीत उचलली आणि मृत्यूचे वर्णन करण्यास ती विलक्षण अनुरूप ठरली.

नोव्हेंबर 1652 मध्ये पॅरिसमधील ल्यूटवादक ब्लांक्रोशे जिन्यावरून पडून मरण पावला, तेव्हा त्याच्यासाठी चौघांनी तोंबो रचले: दनी गोतिये व दुफो यांनी ल्यूटवर, लुई कुपराँ व योहान याकोब फ्रोबर्गर यांनी हार्पसिकॉर्डवर. ज्याच्या स्वतःच्या रचना जवळजवळ नाहीशा झाल्या त्याला इतक्या समाध्या लाभाव्यात, हा योग विचित्रच म्हणावा लागेल. व्हिएन्नाच्या दरबाराचा ऑर्गनवादक असलेला फ्रोबर्गर त्या दिवशी तेथे हजर होता, आणि कदाचित त्यामुळेच चौघांत त्याची रचना सर्वाधिक अस्वस्थ करते. ती अतिशय संथ, वादकाच्या मर्जीने, ठेका न पाळता वाजवावी अशी सूचना तिच्यासोबत आहे. त्यामुळे प्रत्येक स्वर पुढच्यासाठी थबकल्यासारखा भासतो, आणि अखेरीस एकच स्वरावली वरून खाली घसरत मंद्र सप्तकाच्या तळाशी थांबते.

दोन वर्षांनी, 1654 मध्ये, सम्राटपुत्र चौथा फर्डिनंड वारला, तेव्हा याच फ्रोबर्गरने त्याच्यासाठी विलापिका रचली आणि तिच्या शेवटी स्वरावली तळापासून वर चढत नेली. राजपुत्राला स्वर्गाची वाट दाखवणे दरबारी संगीतकारास भागच होते. मित्रासाठी मात्र त्याने जिना तसाच ठेवला.