बिलाचा कागद केसपेपरला जोडा

(विशेष शिक्षक, थेरपिस्ट, वैद्यकीय समाजसेवक आणि पालक यांच्या राज्य परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



परिषदेची कार्यक्रमपत्रिका मी दोनदा वाचली. शीघ्र हस्तक्षेप आहे, समावेशक शिक्षण आहे, वर्तन समस्यांवर सबंध सकाळ आहे. पैशाचा उल्लेख फक्त नोंदणी शुल्काच्या ओळीत सापडला. आयोजकांवर राग नाही. गेली कित्येक वर्षं आपल्या सगळ्याच परिषदा अशा चालत आल्या आहेत. ओपीडीत बसून जन्म गेला, पण थेरपी का बंद पडली याचं उत्तर मला फार क्वचित थेरपीत सापडलं. ते बहुतेक वेळा घरभाड्यात, रिक्षाभाड्यात नाहीतर विजेच्या बिलात असायचं. आपण मात्र केसपेपरवर ‘पालकांचा प्रतिसाद अपुरा’ असा शेरा मारून मोकळे होतो. अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी आज या बिलांवरच घालवणार आहे.

आपल्याकडे मोठ्या खर्चाला माणसं धावून येतात. शस्त्रक्रिया म्हटली की मुख्यमंत्री सहायता निधी आहे, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा आहेत, देवस्थानांचे ट्रस्ट आहेत. अर्जाला फोटो लागतो, आकडा ठरलेला असतो, आणि एक दिवस ते काम संपतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डायपरसाठी कोणी धनादेश लिहीत नाही. फिट्सच्या गोळ्या, मिक्सरमधून काढलेलं पातळ जेवण, मूल वाढेल तसा पावलाला आणि घोट्याला आधार देणारा नवा एएफओ, दिवसाला दोन वेळा बदललेल्या चादरी आणि त्या धुवायला लागणारं पाणी यांतला कोणताही खर्च एका दिवसात संपत नाही. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी २०१८ मध्ये शून्यावर आला. डायपरवर तो १२ टक्के राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर उतरला. उतरला हे बरंच झालं. पण ज्या मुलाला आयुष्यभर डायपर लागणार आहे, त्याच्यासाठी ती वस्तू चैनीची कधीच नव्हती, हे पटायला सात वर्षं लागली आणि तेही अर्धवटच पटलं.

कॉक्लिअर इम्प्लांटचं पाहा. केंद्राच्या ॲडिप योजनेतून काही लाखांचं हे उपकरण लहान मुलांना मोफत बसतं. योजना चांगली आहे, मी स्वतः तिची शिफारस करत आलो आहे. पण कानामागचा प्रोसेसर बॅटरीवर चालतो, त्याची केबल तुटते, कॉइल बिघडते, हमीची मुदत संपते. त्यानंतर दुरुस्तीचा अंदाजखर्च ऐकून आई यंत्र डब्यात घालून कपाटात ठेवते. मूल पुन्हा खाणाखुणांवर येतं आणि लाखांची शस्त्रक्रिया एका केबलपायी वाया जाते. आपल्या सरकारी योजनांना वाटपाचा कार्यक्रम करता येतो. देखभालीचा खर्च कोणाच्या लेखाशीर्षात बसत नाही.

आता विजेकडे येतो. इथे थोडं थांबावं लागेल.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेली मुलं आता आपल्या सगळ्यांच्या यादीत आहेत. पाच लिटरचं साधं यंत्र साधारण ३५० वॅट वीज घेतं. दिवसरात्र चालवलं तर दिवसाला साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. नुसतं रात्री दहा तास लावलं तरी महिन्याला शंभर युनिट झाली. त्यात सक्शन मशीन, नेब्युलायझर, हवेची गादी आणि उन्हाळ्यात बंद न करता येणारा पंखा धरा. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० साधारण दुप्पट, पुढे आणखी महाग. जो जास्त वीज वापरतो तो जास्त ऐपतीचा, असं या रचनेमागचं गणित आहे. एसी लावणाऱ्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. दोन खोल्यांत राहणारं, नव्वद युनिटवर भागवणारं कुटुंब मूल दवाखान्यातून यंत्रासह घरी आलं की पुढच्याच महिन्यात ३४० युनिटवर जातं. घरात एसी नाही, टीव्हीसुद्धा बंद असतो मूल दचकतं म्हणून, पण मीटरच्या लेखी ते आता सुखवस्तू.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाची तर याहून वाईट गत होते. त्यांच्यासाठी महावितरणचा वेगळा, फार कमी दर आहे, पण त्याची अट वर्षाला ३६० युनिटच्या आत राहण्याची आहे. कॉन्सन्ट्रेटर दीड महिन्यात तेवढी वीज खातो. म्हणजे मूल यंत्रावर गेलं की कुटुंब गरिबाच्या दरातून बाहेर पडतं. आणि बिल थकलं तर? विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. त्या घरात यंत्रावर श्वास घेणारं मूल आहे का, हा प्रश्न त्या कलमात कुठेच विचारलेला नाही.

यावर उपाय नाही असं कोणी सांगेल तर त्याला याच कायद्याचं कलम ६२ वाचायला द्या. वीज आयोगाने ग्राहकाग्राहकांत अवाजवी भेद करू नये असं ते म्हणतं, आणि लगेच पुढे सांगतं की पुरवठा कोणत्या कारणासाठी हवा आहे त्यानुसार दर वेगळा ठेवता येईल. शेतीला वेगळा दर आहे तो याच वाटेने. मुलाचा श्वास हे कारण त्या कलमात बसत नाही, असं म्हणायला धाडस लागेल. राज्य सरकारला भार उचलायचा असेल तर कलम ६५ मध्ये अनुदानाची सोयही आहे. केरळच्या वीज मंडळाने तर ते करून दाखवलं आहे. घरी कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन, हवेची गादी लागणाऱ्या रुग्णांना त्या उपकरणांपुरती वीज तिथे मोफत मिळते. सरकारी डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो आणि मुदत संपली की तो पुन्हा आणावा लागतो. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेतून घरी कॉन्सन्ट्रेटर दिला की तो जेवढी वीज घेतो तिचे पैसे पुरवठादार कंपनी कुटुंबाला परत करते, आणि आजारामुळे पाणी जास्त लागणाऱ्या गरीब घरांच्या मीटरच्या पाणीपट्टीला वरची मर्यादा आहे. इंग्लंड श्रीमंत आहे हे कबूल. केरळ आपल्याहून श्रीमंत आहे असं मात्र मुंबईत बसून कोणी म्हणू नये.

आता मदत कोणाला मिळते ते पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. चांगलं झालं. पण त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांच्या बाबतीत वर्षानुवर्षं ५०,००० रुपये चालत आली आहे. महिन्याला ४,१६६ रुपये. इतक्या पैशात जगणारं कुटुंब मला पुण्यातल्या झोपडपट्टीतही दाखवा. याच राज्यात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा तिची मर्यादा अडीच लाख ठरली. बहिणीला पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. दिव्यांग मुलाची आई बहिणीपेक्षा पाचपट गरीब असली पाहिजे हा हिशेब कोणी केला, एवढंच विचारतो. या मर्यादेमुळे होतं काय, तर रोज सहाशे कमावणारा गवंडी सेतू केंद्रावर जाऊन ४८,००० चा दाखला काढतो. तो खोटं बोलत नाही, त्याच्याकडून बोलवून घेतलं जातं.

उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला आयकर आहे. कलम ८०डीडी म्हणून जी वजावट आपल्याला माहीत आहे, तीत दिव्यांग अवलंबिताच्या पालकाला ७५,००० आणि ८० टक्के किंवा त्यापुढच्या दिव्यांगत्वाला १,२५,००० रुपये मिळतात, खर्चाच्या पावत्या न दाखवता. ती जुन्या करप्रणालीतच आहे. नव्या प्रणालीत नाही. आणि जो कर भरतच नाही, त्याला वजावट कशातून करणार? म्हणजे ४,१६६ रुपयांच्या खाली सरकारचा मनीऑर्डरवाला उभा, फार वर करसल्लागार उभा, आणि मधल्या उंच पोकळीत या सभागृहातली जवळपास सगळी कुटुंबं. शिपाई, रिक्षाचालक, दुकानातला नोकर, खासगी शाळेतली शिक्षिका. त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा, वैद्यकीय तपासणी न मागणारा, थेरपीचाही खर्च देणारा. तो जरूर काढून द्या. पण आधी खर्च करा, मग पावत्या पाठवा, ही त्याची रीत आहे, आणि महिन्याच्या वीस तारखेला आधी खर्च करायला हातात काही नसतं.

टक्क्यांचा प्रश्न तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ४० टक्क्यांच्या खाली दाखल्याचा उपयोग जवळपास नाही, आणि टक्के शरीराचे मोजले जातात, खर्चाचे नाहीत. नव्वद टक्के दिव्यांगत्व असलेला एखादा मुलगा शांतपणे शाळेत जातो. पंचेचाळीस टक्केवाला रोज खिडकीची काच फोडतो आणि घरमालक दर अकरा महिन्यांनी खोली खाली करायला सांगतो. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. ज्या मुलाची मान सावरत नाही त्याला एसटीत बसवून दाखवा. तो रिक्षाने जातो, आणि रिक्षाला सवलत नाही.

सगळ्यांत मोठं बिल मात्र घरात कधी येतच नाही. ते आईच्या सोडलेल्या नोकरीचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच कलमात असंही आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. कलमाच्या सुरुवातीला ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि आजवर बहुतेक सरकारांनी कलम तिथपर्यंतच वाचलं. केरळ मात्र आश्वासकिरणम योजनेतून काळजीवाहकाला महिना ६०० रुपये देतं. सहाशे रुपयांत काही होत नाही, हे तिथले लोकही सांगतात. तरी त्या नोंदवहीत आईचं नाव काळजी घेणारी म्हणून लिहिलेलं आहे. २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या राज्यात अशी नोंदवही मी पाहिलेली नाही.

सरकारला बोल लावून मी खाली बसणार नाही, कारण मघाशी म्हटलेला ‘पालकांचा प्रतिसाद अपुरा’ हा शेरा आपल्या अक्षरातला आहे. सरकार विचारतं, किती मुलं, किती खर्च, पुरावा काय? पुरावा आपल्या फायलींत असायला हवा होता आणि तो नाही, कारण आपण तो कधी विचारला नाही. आपण जन्माचं वजन विचारतो, बाळ किती उशिरा रडलं ते विचारतो, मान कधी धरली ते विचारतो. मागच्या महिन्याचं विजेचं बिल किती आलं, हे विचारायला काय हरकत आहे? डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर लिहून देताना यंत्राचे वॅट आणि दिवसाचे तास चिठ्ठीवर लिहावेत. समाजसेवकांनी यंत्र येण्याआधीचं आणि नंतरचं, अशी दोन बिलं केसपेपरला जोडावीत. शिक्षकांनी गैरहजेरीच्या नोंदीपुढे भाड्याचे पैसे नव्हते हे कारण लिहायला लाजू नये.

हे कागद नेण्याच्या दोन जागा आहेत. पहिली जवळची. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. अनेक ठिकाणी मार्च उजाडला की तो आठवतो आणि सगळ्यांना एकच वस्तू वाटली जाते, लागो न लागो. त्यातून यंत्रावरच्या मुलांचं वीजबिल भरावं, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. गावात अशी मुलं किती असतील, एक किंवा दोन. सरपंचाला नाही म्हणणं जड जाईल.

दुसरी जागा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. दर ठरवण्यापूर्वी आयोगाने लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्यात, असं कायदा सांगतो. उद्योगांच्या संघटना तिथे वकील आणि तक्ते घेऊन येतात, यंत्रमागवाले येतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी येतात. आपल्यापैकी कोणी कधी गेलंय? वैद्यकीय उपकरणांपुरती युनिट टप्प्यांच्या बाहेर मोजावीत, दारिद्र्यरेषेच्या ३६० युनिटमध्ये ती धरू नयेत, आणि अशा घराचा पुरवठा थकबाकीसाठी तोडू नये, एवढ्या तीन मागण्यांचा मसुदा मी लिहून आणला आहे. दुपारच्या जेवणानंतर तो दाराजवळच्या टेबलावर असेल. सह्या करताना आपल्या केंद्रात घरी यंत्र असलेली मुलं किती, तो आकडा सहीपुढे लिहा. माहीत नसेल तर सोमवारी मोजून कळवा. पालकांनी सही केली नाही तरी चालेल, त्यांनी बिलाची झेरॉक्स द्यावी. झेरॉक्सचा खर्च परिषदेच्या खात्यातून होईल, तसं मी कोषाध्यक्षांकडून कबूल करून घेतलं आहे.