राहून गेलेला पाठ
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी आमच्यासारख्या जुन्या शिक्षकाने सदाचारावर चार शब्द सांगावेत, अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही प्रथम स्वतःचा अपराध सांगणार आहोत. शाळेत विज्ञान शिकविताना मानवी पुनरुत्पादनाचा पाठ आला की, "हा पाठ घरी वाचून या," असे सांगून आम्ही पुढे सरकत असू. एके वर्षी दहावीतील एक हुशार मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. तिला दिवस गेले होते. दूरच्या नातलगांकडे तिची रवानगी झाली आणि शिक्षण कायमचे सुटले. दोष कोणाचा, याची चर्चा गावाने पुष्कळ केली. आम्ही टाळलेल्या पाठाची कोणीच केली नाही.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या विद्यार्थी-शिबिरात आम्ही एक प्रश्नपेटी ठेविली. चिठ्ठीवर नाव लिहावयाचे नव्हते. कित्येक चिठ्ठ्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीविषयी निघाल्या. "ही गोळी रोज घेतली तर चालते काय?" "हिने गर्भपात होतो काय?" "एकदा घेतली की पुढे मूल होत नाही, हे खरे काय?" गोळीचे नाव मुलांना जाहिरातींवरून ठाऊक होते, उपयोग ठाऊक नव्हता. आम्हांसही नव्हता. म्हणून आम्ही वही घेऊन एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो आणि राहिलेला पाठ साठी उलटल्यावर शिकलो.

तो पाठ असा : या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते. संबंध आल्यानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, ती घ्यावयाची असते. स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया ती लांबणीवर टाकते. राहिलेला गर्भ ती पाडीत नाही. पुढील मातृत्वासही तिने बाध येत नाही. तथापि ती हमखास नव्हे, नित्याचा उपाय तर नव्हेच. आणि संबंधांतून जडणाऱ्या रोगांपासून ती रक्षण करीत नाही. पाळी आठवड्याहून अधिक लांबल्यास तपासणी अवश्य करावी.

कायदाही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, सांगितला पाहिजे. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये १८ वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे. तिची संमती होती, ही सबब चालत नाही. मात्र बभ्रा होईल या भीतीने मुलीने दवाखाना टाळू नये. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताची खबर पोलिसांना देताना, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी तिचे नाव उघड करण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "अशा ज्ञानाने मुले बिघडतील." रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, तेव्हाही हाच आक्षेप होता, त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. संयमाचा उपदेश आम्हीही करतो आणि करीत राहू. परंतु उपदेश अपुरा पडला, किंवा मुलीवर जबरदस्ती झाली, तर त्या लेकराने कोणाकडे जावे? घरात या विषयाचा शब्दही निघत नसेल, तर ती तीन रात्री उशीत तोंड खुपसून रडेल आणि ७२ तास निघून जातील.

म्हणून मातांना आमची विनंती आहे : "काहीही घडले तरी आधी मला सांग, रागावणे मागाहून पाहू," एवढे वाक्य आपल्या मुलीला आजच सांगून ठेवा. पित्यांनी तेच मुलग्यांना सांगावे. ती पेटी आम्ही पुढील शिबिरातही ठेवणार आहोत आणि उत्तरे देण्यास डॉक्टरबाईंना पाचारण करणार आहोत. कार्यकारी मंडळाने तीस संमती द्यावी. एक पाठ आम्ही चुकविला, त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकीने भरली. ते पुन्हा न घडो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.