नुसतं दार उघडून भागत नाही



मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि विषय निघाला बारावीचा. आमच्या गटातल्या घरांतून यंदा चार मुली पास झाल्या. कॉलेजात नाव घातलं एकीनंच. बाकीच्या तिघींना ‘शिकू नको’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण शेवटची एसटी लवकर सुटते आणि तालुक्याला राहायची सोय नाही. आम्ही म्हणत होतो, पोरींनी शिक्षण सोडलं. खरंच त्यांनी सोडलं का?

ज्यांना कॉलेजची पायरी लांबूनच बघावी लागे, त्यांच्यासाठी आपल्याकडे काही माणसांनी मुद्दाम कॉलेजं काढली. त्यांनी आधी विचारलं, अडतंय कुठं?

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, तेव्हा कॉलेजचं शिक्षण इंग्रजीतून होई. कर्व्यांनी ते मातृभाषेतून द्यायचं ठरवलं. तेच आजचं एसएनडीटी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. गरिबाच्या पोराला नोकरी सोडून शिकणं परवडत नाही, म्हणून तिथं वर्ग सकाळी भरत. शिकायचं आणि मग कामावर जायचं. पुढं १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली दलित आणि गरीब मुलं तिथं शिकली. त्याचं नाव मिलिंद. भिक्खू नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा तो मिलिंद. शिकणाऱ्यानं प्रश्न विचारावेत, हे नावातच आलं.

आणि साताऱ्याची गोष्ट तर आपल्या घरातलीच वाटावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिथं १९२४ मध्ये बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. त्या मुलांचं दुखलंखुपलं बघायच्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. माहेरच्या सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांनी बाजूला ठेवले. एकदा धान्य संपलं, पैसा नव्हता. अंगावरचे दागिने आधीच गेले होते. तेव्हा त्यांनी मंगळसूत्र दिलं आणि पोरांच्या पोटात अन्न घातलं. १९३० मध्ये त्या गेल्या. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं १९४७ मध्ये. ते त्यांना बघायला मिळालं नाही. तिथं ‘कमवा आणि शिका’ अशी रीत होती. हातात पैसा नसेल तर काम करायचं, पण शिक्षण थांबवायचं नाही.

म्हणजे बघा, कुणाचं भाषेपायी अडलं, कुणाचं वेळेपायी, कुणाचं पोटापायी. दार उघडं असूनही माणूस बाहेर राहतो, तो अशा गोष्टींपायी.

आपल्या पोरींचं अडतंय एसटीपायी आणि राहण्यापायी. मंगळसूत्र मोडायची वेळ आपल्यावर आलेली नाही. पण एवढं तर करता येईल. एसटीच्या वेळेसाठी गावातल्या सगळ्या गटांच्या सह्यांचा अर्ज आगारात द्यायचा. समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करायची, आणि ती प्रवेशाच्या तारखा निघून जायच्या आधी. घरून निघणं जमतच नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथं घर, शेत सांभाळून पदवी घेता येते. आपल्यातल्या अर्ध्यावर शाळा सुटलेल्या सुनांनीही तिथं चौकशी करावी.

आम्ही तिघींच्या घरी जाऊन आलो. दोघींचे वडील अर्जावर सही करायला तयार झाले. तिसरीकडे परत जाणार आहोत.

तुमच्या गटात यंदा किती मुली बारावी झाल्या? पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीत त्यांचीही नावं लिहा, आणि नावापुढं लिहा, अडलंय कुठं.