साहेब रजेवर असतील तेव्हा

आज आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोलणार नाही. आज बोलायचं आहे सरकारी ऑफिसांबद्दल. संकटाच्या दिवशी ती चालू कशी राहतात, किंवा राहत नाहीत, याबद्दल.

८ डिसेंबर २०२३ चा शुक्रवार तळवड्यात कुणी विसरलेलं नाही. ज्योतिबानगरच्या एका शेडमध्ये केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनत होत्या. दुपारी आग लागली आणि सहा जणी तिथेच गेल्या. पुढच्या दिवसांत दवाखान्यात आणखी जीव गेले. कामाला बहुतेक बायकाच होत्या, आपल्यासारख्याच. भाजलेल्यांना आधी वायसीएमला आणि तिथून पुण्याला ससूनला न्यावं लागलं.

आग विझवायला अग्निशमन दल येतं. पण त्यानंतर काय काय लागतं बघा. रुग्णवाहिका, पंचनामा, मृत्यूचा दाखला, मदतीचे कागद. ज्या घरातली बाई गेली, त्या घरच्यांना चार खात्यांची दारं झिजवावी लागतात. त्यातल्या एका जरी दारात "साहेब रजेवर आहेत" असं ऐकलं, तरी सगळं अडतं.

ऑफिसवरच संकट आलं तर? २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयालाच आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वर मुख्यमंत्र्यांच्या दालनापर्यंत गेली. पाच माणसं गेली, ढीगभर फायली जळाल्या. ज्या फाइलची दुसरी प्रत कुठेच नव्हती, तिच्यातल्या माणसाचं काम पुन्हा पहिल्यापासून. राज्याच्या मुख्य इमारतीत हे होऊ शकतं, तर आपल्या क्षेत्रीय कार्यालयातल्या लोखंडी कपाटांचं काय सांगावं!

पाण्याचंच घ्या. आपल्या शहराचं बरंचसं पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून पंपाने उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात. रावेतला वीज गेली की नळ कोरडा. २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं, म्हणजे एक पाळी चुकली की घरातलं पिंप तळाला जातं. वीज महावितरणची, पाणी महापालिकेचं. वीज गेली तर कुणी कुणाला फोन करायचा, टँकर आधी कोणत्या वस्तीत जाणार, हे आधी ठरलेलं हवं. आम्हाला विचाराल तर टँकर आधी चाळींमध्ये जावा. सोसायट्यांना निदान टाकी तरी असते.

ही काही मेहरबानी नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. स्थानिक संस्थेने आपली माणसं शिकवून तयार ठेवायची आणि साधनं कायम वापरता येतील अशी ठेवायची, असं त्यात लिहिलं आहे. आराखड्याची जाड वही बहुतेक ठिकाणी असते. तिच्यातला फोन लागतो का, हा खरा प्रश्न. बदली होऊन गेलेल्या माणसाचा नंबर भिंतीवर तसाच असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलं आहे, कार्यालयात जाऊन साधे प्रश्न विचारायचे. मुख्य माणूस नसेल तर सही कोण करणार? कॉम्प्युटर बंद पडला तर दाखला हाताने लिहून मिळेल का? कागदांची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत आहे का? कोणतं काम एक दिवसही थांबणार नाही आणि कोणतं आठवडाभर थांबलं तरी चालेल? कराचं बिल आठवडाभर थांबलं तर कुणाचं काही बिघडत नाही, दाखल्याचं तसं नाही. तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर.

आणि आपल्या बाजूचं एक काम. शेडमध्ये कामाला जाणाऱ्या प्रत्येकीचं नाव, घरच्यांचा नंबर आणि शेडचा पत्ता गटाच्या वहीत कागदावर लिहून ठेवायचा. मोबाइल मालकिणीबरोबर आतच राहतो. वहीची एक प्रत अध्यक्षांकडे, दुसरी सचिवांकडे, म्हणजे दोन वेगळ्या घरांत. १०१ आणि १०८ हे नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

येत्या बैठकीला येताना आपला आणि शेजारणीचा तपशील घेऊन या. वही आम्ही आणतो.