पेपरातली ती नोटीस



लोहाऱ्यातल्या तरुणांपुढं नोकरीवर बोला, असं संयोजक म्हणाले होते. मी नकाशावर बोलणार आहे, माफ करा.

माझ्या अब्बांनी एका दुसऱ्या गावात शंभर रुपयांच्या बाँडवर दोन गुंठे घेतले. खरेदीखत नाही, एन.ए. नाही. घर बांधलं, घरपट्टी भरत राहिले. पुढं कळलं, की विकास आराखड्यात आमच्या घरावरून रस्ता जातोय. नोटीस पेपरात आली होती. तो पेपर आमच्याकडं यायचा. अम्मीनं त्यात भाकरी बांधून दिल्या असतील.

कागदाचं वजन या तालुक्याला नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची 52 गावं नव्या जागी वसवली. आपलं सास्तूर त्यातलंच. तिथं घर केवढं मिळणार, हे माणसं किती यावर ठरलं नाही, जमिनीच्या नोंदीवर ठरलं. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750.

आता लोहारा नगरपंचायत आहे. नगरपंचायत म्हणजे 1966 च्या नगररचना कायद्यानं नियोजन प्राधिकरण. विकास योजना करताना आधी विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज कुठं काय आहे त्याची नोंद. मग प्रारूप योजना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर होते. तिथून तीस दिवसांत लेखी हरकत द्यायची. नियोजन समिती ऐकून घेते, शेवटी मंजुरी शासनाची.

कब्रस्तानाची अर्धी जागा रिकामी दिसते. नकाशा करणाऱ्याला ती पडीकच वाटणार, त्यात त्याचा काय दोष? जुनी बारव, ईदगाहची वाट, पीरासमोरचं मैदान यांचंही तेच. नोंद नसेल तर दाखवायचं आपणच.

पण फक्त आपल्या जागेपुरती हरकत घेऊ नका. आरक्षण म्हटलं की आपण घाबरतो. मोहल्ल्याजवळ शाळेचं किंवा दवाखान्याचं आरक्षण पडत असेल, तर ते राहू द्या असं सांगणारा अर्जही करता येतो. कायद्यात ‘हरकती व सूचना’ असे दोन शब्द आहेत. दुसरा आपण विसरतो.

आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या 24 महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण रद्द होतं. हा हक्क मालकाचा. अब्बा तर बाँडवाले!

म्हणून आज घरी गेल्यावर पेटी उघडा. सातबारा कुणाच्या नावावर आहे, खरेदीखत नोंदवलंय का, बघा. आणि ज्यांना मोजता येतं, त्यांनी रविवारी सकाळी फीत घेऊन कब्रस्तानाच्या दारात या. मी चहा घेऊन थांबतो.