पंचवीस आणि बावन्न

शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यानं संशोधन करायचं म्हणजे काय, असं पुष्कळजण विचारतात. आमच्या प्राध्यापकांनी मला एक कोरी वही दिली नि सांगितलं, "दुसरीच्या वर्गात बस. मुलांच्या चुका जशाच्या तशा उतरून घे."

वहीत एक चूक पुन्हा पुन्हा दिसू लागली. गुरुजी 'पंचवीस' म्हणत, मूल 52 लिही. 'बासष्ट' म्हटलं की 26. अशी मुलं मठ्ठ ठरत. प्राध्यापक म्हणाले, "कारण त्यांनाच विचार." एक मुलगी म्हणाली, "पंच आधी ऐकू आलं, म्हणून पाच आधी लिहिला."

खरंच की! मराठीत आपण एकक आधी बोलतो, लिहितो मात्र दशक आधी. 'एकोणतीस' तर त्याहून अवघड. नाव तिसाचं, अंक 2 आणि 9. बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशीही वाचनाची रीत दिली, तेव्हा मोठा वाद झाला. पण मुलांची अडचण खरी होती.

मग आम्ही दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या. मुलं आधी जुड्या मोजत, मग सुट्या काड्या, आणि मग लिहीत. महिनाभरात उलटे अंक पुष्कळ कमी झाले. एकोणतीस, एकोणचाळीस मात्र अडतच राहिले. प्राध्यापकांनी तेही नोंदवायला लावलं.

शिक्षकबंधुभगिनींनो, यालाच कृतिसंशोधन म्हणतात. मुलाला मठ्ठ म्हणण्याआधी "असं का लिहिलंस, बाळ?" एवढं विचारावं आणि त्याचं उत्तर शांतपणे ऐकून घ्यावं.