उपासाला काय चालतं?

(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मघाशी आत बसले होते तेव्हा माझ्या हातात एक बशी आली. साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. देणाऱ्या ताई म्हणाल्या, "आज एकादशी ना, म्हणून." मी उपास करत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. खिचडी इतकी मोकळी झाली होती की सांगणं नुकसानीचं होतं. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘अन्न आणि आपण’ असा ऐसपैस छापलाय. त्यात काहीही बसेल. म्हणून मी ठरवलं, त्या बशीवरच बोलायचं.

मी पस्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे ताट समोर आलं की मला एक खोड आहे. पाहुण्याला विचारावं तसं प्रत्येक पदार्थाला विचारते, तुझं कुळ कोणतं, गाव कोणतं? मघाच्या बशीलाही विचारलं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, म्हणजे टॅपिओका, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची अमेरिकेतलीच. 1492 साली कोलंबस तिकडे पोचला, त्याआधी आपल्याकडे या चौघांपैकी एकालाही कुणी पाहिलेलं नव्हतं. रताळं, पपई, पेरू, सीताफळ, चिकू, अननस ही फराळाची मंडळीही त्याच जहाजांच्या मार्गाने आली. राजगिऱ्याच्या लाडवातला राजगिराही अमेरिकेतल्या जातींचा. नामदेवांच्या पंढरपुरात एकादशी होती. खिचडी असणं शक्य नव्हतं.

इथपर्यंत आलं की बरेच वक्ते "बघा, तुमचा सगळा उपास परदेशी!" असं म्हणून टाळी घेतात. मला ती टाळी नको. पाहुणे कुठून आले हे नकाशा सांगतो. त्यांना माजघरापर्यंत कुणी येऊ दिलं, ते मला विचारायचंय. कारण टोमॅटोही त्याच अमेरिकेतून आला आणि उपासाच्या दाराबाहेर अजून उभा आहे.

लग्न होऊन मी कोकणातून नाशकात आले. पहिल्याच एकादशीला खिचडीवर कोथिंबीर भुरभुरली आणि सासूबाईंनी पातेलं बाजूला सारलं. "उपासाला कोथिंबीर?" माझ्या माहेरी चालायची. "आमच्यात नाही चालत." मग मी यादी विचारून घेतली. जिरं चालतं, मोहरी नाही. हिरवी मिरची चालते, लाल तिखट नाही. हळद नाही, हिंग नाही. भेंडी धाकट्या जाऊबाईंच्या माहेरी चालते, पण "त्यांचं वेगळं". टोमॅटो? "छे!" का? तर, "आमच्यात नाही." एवढंच कारण, आणि त्यावर अपील नाही.

तेव्हा मला राग यायचा. सायन्सची पदवीधर मुलगी, चोवीस वर्षांची, डोक्यात कुळांची लॅटिन नावं. मी त्यांना ऐकवलं होतं की वांगं, बटाटा, मिरची, टोमॅटो सगळे एकाच कुळातले, सख्खे चुलत. त्यातलं आपल्या देशाचं फक्त वांगं, तर तुम्ही त्यालाच उपासाला शिवत नाही, चातुर्मासात चार महिने घरात घेत नाही, आणि परक्या चुलतभावाचा कीस करून खाता! सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बटाटा कंद आहे."

ते उत्तर समजायला मला बरीच वर्षं लागली. शास्त्राची मी, पण वर्गीकरण त्या करत होत्या.

व्रताच्या अन्नामागची जुनी कल्पना बघा. शेतात नांगर घालून, पेरून पिकवलेलं धान्य म्हणजे संसाराचं अन्न. व्रताच्या दिवशी संसार जरा बाजूला ठेवायचा, म्हणून वनवासी माणसाचं अन्न खायचं. कंद, मुळं, फळं, दूध. ऋषिपंचमीला हा नियम अजून स्पष्ट दिसतो. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. म्हणून परसातल्या अळूची, भोपळ्याची, रानातल्या पाल्याची ऋषीची भाजी. नियम पदार्थांच्या यादीचा नव्हताच, जागेचा होता. नांगराच्या आतलं नाही, बाहेरचं चालेल.

आता या नियमासमोर बटाटा येऊन उभा राहिला. कोणत्याही पोथीत त्याचं नाव नाही. चालतो म्हणून नाही आणि चालत नाही म्हणूनही नाही. जमिनीखालून निघतो, म्हणजे सुरण-रताळ्यांच्या पंगतीतला. बसा. शेंगदाणा फुलतो वर, शेंग धरतो मातीत. तोही बसा. टोमॅटो कंद नाही, फळ म्हणावं तर भाजीत जातो, शिवाय लालभडक. उभे राहा. हे निवाडे कुठल्या शास्त्रीबुवांनी दिले नाहीत. ते चुलीपाशी, आत्यांनी, सासवांनी, आज्यांनी दिले. त्याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. म्हणून घरोघर निकाल वेगळे. संस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या न्यायालयाकडे फारसं पाहिलेलं नाही, अशी माझी तक्रार आहे.

आणि गंमत पुढे आहे. एकादशीला पहिलं वर्ज्य काय? भात. त्या दिवशी आपण शिजवतो काय? भगर. तिचं जुनं मराठी नाव सांगा बरं कुणीतरी. (श्रोत्यांतून: "वऱ्याचे तांदूळ!") बरोबर! नावातच तांदूळ. वनस्पतिशास्त्राने पाहिलं तर वरई हे शुद्ध धान्य, गवताच्या कुळातलं, भाताचंच भावंड. तरी ती चालते, कारण ती डोंगरउतारावर नांगराशिवाय येणारी. साबुदाण्याची कथाही तशीच. तामिळमध्ये त्याला जव्वरिसी म्हणतात, आणि अरिसी म्हणजे तांदूळ. तिकडे पायसमात घालून लग्नाच्या पंगतीत वाढतात, उपासाशी त्याचा काही संबंध नाही. बंगालात गेलात तर उपासाच्या दिवशी गव्हाच्या मैद्याची लुची खाणारी घरं भेटतील, कारण त्यांच्या लेखी ‘अन्न’ म्हणजे भात. गव्हाला ते मोजतच नाहीत. तुम्ही उपासाला काय सोडता, त्यावरून एरवी तुमचा जीव कशावर जगतो ते कळतं.

जाता जाता गोव्याचं एक सांगते. बटाटा या शब्दासकट बटाटा पोर्तुगीजांनी आणला हे सगळ्यांना ठाऊक असतं. 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतलं, 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी त्यावर मोठं काम केलंय. त्या न्यायासनाने 1736 मध्ये काढलेल्या फर्मानात, धर्म बदललेल्या लोकांनी काय करू नये याची लांबलचक यादी आहे. त्यात एकादशीचा उपास करू नये, हे आहे. बिनमिठाचा भात शिजवून मीठ नंतर घालण्याची हिंदूंची रीत सोडावी, हेही आहे. म्हणजे धर्मपीठाचा डोळा थेट भाताच्या पातेल्यावर होता. माणूस प्रार्थना बदलतो, पण मीठ कधी घालायचं ते हाताला माहीत असतं, हे त्या पाद्र्यांना आपल्या समाजशास्त्रज्ञांच्या आधी कळलं होतं. ज्या जहाजांनी उपास मोडायला निघालेली माणसं आणली, त्यांनीच उपासाचं सामानही आणलं.

साबुदाण्याला मात्र जरा वेळ द्यायला हवा, कारण तो सगळ्यात मोठा बहुरूपी आहे. मूळचा सागू हा मलायाकडच्या, न्यू गिनीकडच्या एका ताडवर्गीय झाडाच्या बुंध्यातला गाभा. बुंधा फोडायचा, गाभा धुवायचा, खाली बसलेल्या सत्त्वाच्या गोळ्या करायच्या. सागू हा शब्दही मलाय भाषेतला. कसावाची कथा वेगळी, ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. त्या कंदात विष असतं, म्हणून किसून, पिळून, धुऊन, भाजून तो खाण्याजोगा करण्याची विद्या तिथल्या लोकांनी हजारो वर्षांत कमावली. टॅपिओका हा शब्द त्यांच्या तुपी भाषेतून आला. पोर्तुगीजांनी हा कंद मलबारात आणला. 1880 ते 85 या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याची लागवड वाढवली. दुष्काळात गरिबाच्या पोटाला आधार व्हावा, हा हेतू. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथला तांदूळ बंद झाला, तेव्हा केरळ याच कंदावर तगला.

त्याच युद्धाच्या काळात तामिळनाडूतल्या सेलमचे माणिकम चेट्टियार धंद्यासाठी केरळात जात-येत. परदेशी मक्याचं पीठ मिळेनासं झालं होतं, म्हणून 1943 च्या सुमारास त्यांनी कसावाचं पीठ करून विकायला घेतलं. पेनांगहून आलेल्या पोपटलाल शहांना सागूचे दाणे पाडण्याची रीत ठाऊक होती. ओलं सत्त्व कापडाच्या झोळीत घालून पाळण्यासारखं हलवायचं, दाणे वळले की चाळायचे, तापल्या कढईत परतायचे, उन्हात वाळवायचे. झाला साबुदाणा. झाड मलायाचं, कंद ब्राझीलचा, रीत पेनांगची, ऊन सेलमचं आणि गिऱ्हाईक आपण. चेट्टियारांचा मूळ धंदा कशाचा होता, माहीत आहे? मासळीचा. घाबरू नका, खिचडी बाटली नाही.

पुढे सेलमच्या आसपास शेकडो कारखाने उभे राहिले, 1981 मध्ये त्यांची सहकारी संस्था झाली, 2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आषाढी-कार्तिकी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र हे आपले सण तिथल्या भावफलकावर आधी दिसतात. आपला उपास हा तिथल्या कामगाराचा हंगाम असतो. दक्षिण ब्राझीलमध्ये याच दाण्यांना ‘सागू’ म्हणतात आणि ते लाल वाइनमध्ये शिजवून गोड म्हणून खातात. एकच कसावा, इथे व्रत आणि तिथे वाइन! साबुदाणा पायांनी तुडवतात, त्यात किडे असतात वगैरे मजकूर दर श्रावणात फिरतो, त्यावर मी वेळ घालवणार नाही.

पण एका गोष्टीवर घालवते. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरी, पलीकडे जव्हार-मोखाडा इथल्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई पिकते. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिकडे वनस्पती गोळा करायला जायची. एका पाड्यावर दुपारी एका बाईने आम्हाला वरईचा भात आणि उडदाचं बेसन वाढलं. आमच्यातली एक मुलगी, कौतुकानेच, म्हणाली, "मावशी, आज उपास?" त्या बाईला प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे शहरात हे उपासाला खातात. ती विचारात पडली. मग म्हणाली, "म्हंजी आमचा रोजच उपास का?" आणि हसली. आम्ही हसलो नाही.

ती ज्या दरात वरई व्यापाऱ्याला घालते आणि नवरात्रात मी ज्या दरात सडलेली, पाखडलेली, प्लास्टिकच्या पिशवीतली भगर आणते, त्यांतलं अंतर तुम्हीच काढा. सांगायचा मुद्दा दराच्या अलीकडचा आहे. तेच धान्य शहरात ‘सात्त्विक’ ठरतं आणि पाड्यावर ‘गरिबाचं’. भात परवडायला लागला की पाड्यावरची पोरं वरई सोडतात, आणि त्याच सुमारास शहरातला आहारतज्ज्ञ ती खायला सांगतो. शाहू पाटोळ्यांनी मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या खाद्यसंस्कृतीवरच्या आपल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ नाव दिलं, ते उगीच नाही. ‘महाराष्ट्रीय थाळी’ म्हणून जे वाढलं जातं, त्यात कुणाचं ताट धरलेलंच नाही, हा प्रश्न त्या एका ‘अ’मध्ये आहे. मराठीत उपास आणि उपासमार हे शब्द शेजारी राहतात. पहिला करता येण्यासाठी दुसऱ्याची भीती नसावी लागते.

उपासाच्या ताटातलं खरंच जुनं, इथलंच असं काय उरलंय, तेही सांगून टाकते. शिंगाडा. सुरण. काकडी. आणि महाशिवरात्रीच्या कवठाची गूळ घालून केलेली चटणी. कवठाचं झाड आपल्या मातीतलं, ते तोडायला आपण मागेपुढे पाहत नाही. मंडईत वर्षातून चार दिवस कवठं दिसतात आणि नव्या सुनांना ती फोडता येत नाहीत. मलाही नीट येत नाहीत. सासूबाई उंबऱ्यावर आपटायच्या. आता फ्लॅटला उंबरा कुठून आणायचा?

सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या आषाढीला माझी नात, सतरा वर्षांची, कधी नव्हे ते उपास करते म्हणाली. संध्याकाळी तिचा पुण्याहून फोन. "आजी, बोबा टी चालतो का?" हा तैवानी प्रकार, थंड दुधाच्या चहात टपोऱ्या काळ्या गोळ्या, जाड नळीने ओढायच्या. मी विचारलं, गोळ्या कशाच्या? तिने तिथेच दुकानदाराला विचारलं. टॅपिओकाच्या. काळा रंग? जळक्या साखरेचा, गुळासारखा. दूध, चहा, साखर. सगळं चालण्यासारखं. चुलतभाऊच निघाला की साबुदाण्याचा! वनस्पतिशास्त्राच्या बाजूने एकही हरकत नव्हती. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानावर शब्द आले, "छे! आमच्यात नाही चालत."

"का पण?" ती म्हणाली.

मी अजून उत्तर शोधतेय. तोवर तिने तो पिऊन टाकला होता.